मराठवाड्यातील नारळ: दर उन्हाळ्यात होणारी बोंडगळ आणि तिचे निवारण

परभणी, नांदेड, लातूर, बीड या भागांत विहिरीच्या काठी, घराच्या आवारात किंवा बांधावर लावलेल्या नारळांविषयी एकच तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. झाड उंच वाढलेले असते, पोय (नारळाचा फुलोरा) नियमित निघते, बोंडेही (कोवळी फळे) लागतात. परंतु मार्च उजाडला की ती गळू लागतात आणि मे अखेरीस एकेका घडावर दोन-चार फळेच उरतात. जी उरतात त्यांतली काही मुठीएवढीच राहतात, तर काही फोडल्यावर आत खोबरे पातळ आणि पाणी नाममात्र निघते. मालक खत देतात, बुंध्याशी मीठ घालतात, कोणीतरी सांगितलेले औषध फवारतात आणि पावसाळ्यात झाड हिरवेगार दिसू लागले की प्रश्न सुटला असे समजतात. पुढच्या मार्चमध्ये गळ पुन्हा सुरू होते.

ही गळ वारंवार होते याचे कारण असे की उपाय बोंडावर केला जातो आणि बिघाड पानात असतो. नारळाच्या फळात जे काही भरते, ते सारे पानांनी सूर्यप्रकाश, हवेतील कर्बवायू आणि मुळांनी आणलेले पाणी यांपासून तयार केलेले असते. झाडाजवळ या अन्नाचा मोठा साठा नसतो. खोडात थोडी साखर असते, पण रताळे किंवा बटाटा पिष्टाचा साठा करतो तसा नारळ करत नाही. पानांचे काम दोन-तीन महिने मंदावले की झाडाला घडांचा भार सोसवत नाही आणि ते कोवळी बोंडे टाकून देते. त्यामुळे निवारणाचा क्रम पानापासून सुरू करावा लागतो.

पहिल्यांदा हे तपासावे की गळ खरोखरच अधिक आहे काय. उंच जातीच्या नारळाच्या एका पोयीत साधारण 20 ते 40 मादी फुले येतात आणि कोकण-केरळच्या उत्तम बागेतही त्यांपैकी सुमारे 25 ते 40 टक्केच फळे पक्व होतात. उरलेली बोंडे, पोय उमलल्यापासून पहिल्या दीड-दोन महिन्यांत गळतात. ती गळ झाडाच्या स्वभावातलीच आहे आणि तिच्यासाठी कोणतेही संजीवक फवारण्याची गरज नाही. लिंबाएवढी बोंडे झाल्यानंतर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळ चालूच राहत असेल, तर मात्र पुढील तपासणी करावी.

आधी पाने मोजावीत

चांगल्या स्थितीतील प्रौढ नारळावर 30 ते 35 उमललेली पाने असतात आणि दरवर्षी 12 ते 14 नवी पाने येतात, म्हणजे महिन्याला एक पान आणि क्वचित थोडे अधिक. प्रत्येक पानाच्या बगलेत एकच पोय येते. म्हणून वर्षात जितकी पाने निघतील तितक्याच पोयी निघू शकतात, त्याहून एकही जास्त नाही. दुष्काळी वर्षात तर काही पोयी आतल्या आतच जिरतात. हे एवढे एक सूत्र ध्यानी ठेवले तरी नारळाचे बरेचसे गणित उलगडते.

घरच्या घरी करता येण्याजोगी परीक्षा अशी आहे. शेंड्याच्या सुईलगत (न उमललेल्या कोवळ्या पानालगत) जे सर्वांत नवे पूर्ण उमललेले पान असेल त्याच्या देठाला रंगाचा पट्टा मारावा किंवा नायलॉनची रंगीत दोरी बांधावी आणि तारीख लिहून ठेवावी. वर्षानंतर त्या पानाच्या वर किती पाने आली हे मोजावे. 12 किंवा अधिक आली असल्यास झाडाचा संसार ठीक चालला आहे आणि दोष परागीभवनात, किडीत किंवा एखाद्या अन्नद्रव्यात शोधावा. आठ-नऊच आली असल्यास झाड वर्षातील काही महिने उपाशी राहिले आहे, हे निश्चित समजावे. सोबत एकूण हिरवी पाने मोजावीत. माझ्या मते 25 पेक्षा कमी हिरवी पाने असलेल्या झाडाला खताची मात्रा वाढवून फळे वाढवण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, कारण त्या खताचे अन्नात रूपांतर करणारी यंत्रणाच अपुरी आहे.

येथेच एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. नारळ उतरवायला आलेला माणूस झाड साफ करण्याच्या नावाखाली खालची पाच-सहा हिरवी पाने कोयत्याने उडवतो आणि मालकही समाधानाने पाहत राहतात. लग्नसराईत मांडवासाठी, दारच्या कमानीसाठी हिरव्या झावळ्या तोडल्या जातात. खालचे पान थोडे पिवळट असले तरी ते काम करत असते आणि त्याच्या बगलेतील जड घडाला त्याचाच आधार असतो. पूर्ण वाळून लोंबणारी झावळी तेवढी काढावी. हिरव्या पानाला हात लावू नये.

भर दुपारी पानात काय घडते

मराठवाड्यात उजेडाची वाण नाही. तरीही नारळ उपाशी राहतो, कारण उजेडाचा उपयोग करण्यासाठी पानाला कर्बवायू आत घ्यावा लागतो आणि तो ज्या पर्णरंध्रांतून आत येतो त्यांतूनच पाण्याची वाफ बाहेर जाते. नारळाच्या पातीवर ही रंध्रे फक्त खालच्या बाजूस असतात. हवा कोरडी झाली आणि मुळांकडून येणारे पाणी कमी पडले की झाड रंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण कर्बग्रहणही थांबते.

हवेची ही ओढ किती मोठी आहे, ते आकड्यांत पाहावे. रत्नागिरीत मे महिन्यात दुपारी तापमान 33 अंश आणि आर्द्रता 65 टक्के धरली तर हवेतील बाष्पदाबाची तूट, म्हणजे हवा आणखी किती बाष्प ओढू शकते याचे माप, सुमारे 1.8 किलोपास्कल भरते. त्याच दुपारी नांदेडला किंवा परभणीला तापमान 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर ही तूट 6.6 किलोपास्कलच्या आसपास जाते. म्हणजे पानातून पाणी ओढणारी शक्ती साडेतीन पटींहून अधिक झाली. नारळ मूळचा समुद्रकिनाऱ्यावरचा. वर्षाला 1300 ते 2300 मिलिमीटर पाऊस वर्षभर विभागून पडावा आणि सरासरी तापमान 27 अंशांच्या आगेमागे असावे ही त्याची पसंती. आपल्याकडे पाऊस 700 मिलिमीटरच्या आगेमागे, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा स्थितीत एप्रिल-मेमध्ये सकाळी दहा-साडेदहापर्यंत पान जे काम करील तेवढेच. त्यानंतर रंध्रे मिटतात आणि पान उन्हात नुसते तापत राहते. रंध्रे मिटलेली असताना पडणारा प्रखर उजेड वाया जातो एवढेच नव्हे, तर हरितद्रव्याची यंत्रणा त्याने दुखावते आणि पान फिकट होत जाते.

त्याच शिवारातला ऊस अशा उन्हात जोमाने वाढतो, मग नारळालाच काय होते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. ऊस, ज्वारी, मका या पिकांत कर्बवायू आधी चार कर्बाणूंच्या संयुगात बांधून मग मुख्य प्रक्रियेकडे पोहोचवला जातो. त्यामुळे रंध्रे अर्धवट मिटलेली असतानाही आणि उष्णता जास्त असतानाही त्यांचे काम बऱ्यापैकी चालू राहते. नारळात ही सोय नाही. तो भात, गहू, सोयाबीन यांच्या वर्गातला आहे आणि पानाचे तापमान वाढून आतला कर्बवायू कमी पडू लागला की त्याने बांधलेल्या कर्बाचा काही भाग प्रकाशश्वसनात परत निघून जातो. म्हणून उसाच्या पाण्याच्या पाळीवर बांधावरचा नारळ जगतो, पण फळतो असे नाही.

सकाळी आठ वाजता आणि दुपारी दोन वाजता त्याच पानाखाली उभे राहून पाहिल्यास हा फरक डोळ्यांनी टिपता येतो. सकाळी मधल्या वयाच्या पानाच्या पात्या ताठ आणि जवळजवळ सपाट असतात. पाणी कमी पडलेल्या झाडाच्या त्याच पात्या दुपारी मधल्या शिरेवर मिटून छपरासारख्या उतरत्या होतात आणि टोके खाली झुकतात. सूर्यास्तानंतर तासाभरात त्या पूर्ववत झाल्या तर ताण तात्पुरता आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही मिटलेल्याच दिसल्या तर मुळांशी ओल उरलेली नाही आणि बोंडगळ काही दिवसांत सुरू होणार, हे समजावे.

आजच्या घडाचे वय

बहुतेकांचा अंदाज येथेच चुकतो. पोय उमलण्याच्या सुमारे 32 महिने आधी तिचा अंकुर शेंड्याच्या गाभ्यात धरलेला असतो. मादी फुलांतील बीजकोश उमलण्याच्या साधारण सहा महिने आधी आकार घेतात आणि उमलल्यानंतर नारळ पक्व व्हायला आणखी 11 ते 12 महिने लागतात. 2025 च्या जानेवारीत उमललेली पोय घेतली, तर तिचा अंकुर 2022 च्या उन्हाळ्यात धरला होता, तिच्या मादी फुलांची संख्या 2024 च्या जून-जुलैच्या सुमारास ठरली आणि तिचा नारळ 2025 च्या डिसेंबरात उतरणार. या पावणेचार वर्षांतला कोणताही कोरडा टप्पा त्या घडावर आपली खूण ठेवून जातो.

यावरून निदानाचा एक उपयुक्त मार्ग मिळतो. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उमलणाऱ्या पोयींत मादी फुलेच कमी असतील, तर दोष मागच्या एप्रिल-मे-जूनमधील पाणीटंचाईचा आहे, कारण तेव्हा बीजकोश घडत होते. जानेवारी ते मार्चमध्ये उमलणाऱ्या पोयींचे बीजकोश पावसाळ्यात घडलेले असल्याने त्यांत मादी फुले भरपूर येतात. परंतु त्यांची बोंडे नेमकी कडक उन्हाळ्यात सापडतात आणि गळतात. पहिल्या प्रकारात चालू वर्षी काही करण्यासारखे उरत नाही. दुसऱ्या प्रकारात फेब्रुवारीपासून पाण्याची व्यवस्था केली तर त्याच वर्षी फरक दिसतो. दोन्ही प्रकारांना एकच औषध देत राहिल्यामुळेच हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो.

2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या काळात नारळाला पाणी कोठून मिळणार? त्या वर्षीचा पावसाळा नंतर चांगला झाला; मात्र नारळाच्या शरीराचे हे वेळापत्रक पाहता त्या टंचाईचा परिणाम पुढची दोन वर्षे घडांवर दिसत राहणे स्वाभाविक होते. चांगला पाऊस पडूनही फळे आली नाहीत म्हणून ज्यांनी तेव्हा झाडे तोडली, त्यांनी ती आणखी दोन वर्षे राखायला हवी होती असे मला वाटते.

पाण्याचा हिशेब

कोकणातील शिफारशीतला रोज 30-40 लिटरचा आकडा मराठवाड्यातील उन्हाळ्याला पुरत नाही. हिशेब असा करावा: बुंध्याभोवती 1.8 मीटर त्रिज्येचे आळे धरले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे 10 चौरस मीटर होते, म्हणजे एक मिलिमीटर बाष्पीभवनाला 10 लिटर पाणी. नारळाला ठिबकने पाणी देताना बाष्पीभवन पात्रातील (रोज किती पाणी उडते ते मोजण्याच्या उघड्या भांड्यातील) बाष्पीभवनाच्या सुमारे दोन-तृतीयांश पाणी द्यावे, असे कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्थेचे मार्गदर्शन आहे. मे महिन्यात आपल्याकडे पात्रातून दिवसाला 10 ते 12 मिलिमीटर पाणी उडते. म्हणजे झाडाला रोज 65 ते 80 लिटर पाणी हवे. डिसेंबरात बाष्पीभवन 4-5 मिलिमीटरवर येते, तेव्हा 30 लिटर पुरतात. ताशी 8 लिटरचे चार ड्रिपर असतील तर उन्हाळ्यात दोन ते अडीच तास संच चालवावा लागेल. घरच्या आवारात बादलीने पाणी घालणाऱ्यांनीही हाच आकडा धरावा. न्हाणीच्या सांडपाण्यावरचा नारळ गावात सर्वांत चांगला फळतो, याचे कारण त्याला वर्षभर न चुकता ओल मिळते.

ड्रिपर बुंध्याला चिकटवून ठेवणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. नारळाला सोटमूळ नसते. खोडाच्या बुडातून निघणारी हजारो दोरीसारखी मुळे बाजूला पसरतात आणि अन्नपाणी घेणारी बारीक मुळे बुंध्यापासून दूर असतात. ड्रिपर बुंध्यापासून किमान एक मीटर अंतरावर, चारही बाजूंना ठेवावेत. भारी काळ्या जमिनीत रोज थोडे देण्याऐवजी एक दिवसाआड दुप्पट दिले तरी चालते; मुरमाड जमिनीत मात्र रोजच द्यावे.

काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि भेग पडताना बारीक मुळे अक्षरशः तुटतात. म्हणून जानेवारी अखेरीस आळ्यात वीतभर जाडीचे आच्छादन करावे: उसाचे पाचट, सोयाबीनचे भुसकट, नारळाच्याच वाळलेल्या झावळ्यांचे तुकडे, सोडणे, जे हाताशी असेल ते. आच्छादन खोडाला टेकू देऊ नये आणि उधई लागते का यावर लक्ष ठेवावे. पश्चिमेकडून येणाऱ्या उष्ण वाऱ्याला अडवण्यासाठी पाच-सहा मीटर अंतरावर शेवरीची किंवा बांबूची ओळ असली तर पानांवरचा ताण बराच हलका होतो. केळीची सोबत दिली तर आळ्याभोवतीची हवाही थोडी दमट राहते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाड एकाएकी पिवळे पडत असेल, तर तहानेचा नव्हे, साचलेल्या पाण्याचा संशय घ्यावा. चिकण काळ्या जमिनीत मीटरभर खोल खड्डा खणून तो पोयटा आणि शेणखत यांनी भरला की पावसाळ्यात आजूबाजूचे पाणी त्याच खड्ड्यात मुरून थांबते आणि मुळांना हवा मिळत नाही. अशा ठिकाणी आळे उंचावून घ्यावे आणि उताराच्या बाजूने चर काढून द्यावा.

विहीरच आटली असेल तर झाडावरचा भार कमी करणे हाच मार्ग राहतो. सात महिन्यांची झालेली फळे शहाळी म्हणून उतरवून घ्यावीत. खोबरे भरण्यासाठी लागणारे अन्न त्यामुळे झाडाजवळ राहते आणि मागच्या बोंडांना मिळते.

पान कोठून पिवळे होते, ते पाहावे

पाणी पुरेसे असूनही पाने फिकट असतील तर पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की नव्या, हे आधी ठरवावे. नत्र, पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देऊ शकते. त्यामुळे त्यांची कमतरता खालच्या पानांवर दिसते. खालच्या पातीवर नारिंगी-पिवळे ठिपके असून टोके करपलेली असतील तर पालाश कमी आहे. पातीच्या दोन्ही कडा गडद पिवळ्या आणि मधली पट्टी हिरवी, तीही उन्हाकडच्या बाजूस अधिक ठळक, असे दिसल्यास मॅग्नेशियम कमी आहे. हा धातू हरितद्रव्याच्या रेणूच्या केंद्रस्थानी असल्याने त्याच्या अभावी पान प्रकाश पकडूच शकत नाही. लोह मात्र जागचे हलत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्याच्या नव्या पानांवर उमटते.

मराठवाड्यात हा शेवटचा प्रकार फार आढळतो आणि त्याचे मूळ चुनखडीत आहे. जमिनीचा सामू (पीएच) 8 च्या वर आणि मुक्त चुन्याचे प्रमाण 10 टक्क्यांच्या पुढे असले की जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. अशा जमिनीत हिराकस (फेरस सल्फेट) नुसता टाकला तर तो थोड्याच दिवसांत निरुपयोगी होतो. तो कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यावा. चिलेटेड लोह घेताना पुडीवरचे नाव वाचावे. ईडीटीए प्रकारातील लोह अशा जमिनीत टिकत नाही, तर ईडीडीएचए प्रकारातील टिकते. ते महाग असले तरी पैसे त्यालाच द्यावेत. गंधक टाकून संपूर्ण जमिनीचा सामू उतरवण्याचा सल्ला काही विक्रेते देतात. इतक्या चुन्यापुढे तो व्यवहार्य नाही. आळ्यातल्या शेणखताबरोबर थोडे गंधक देणे एवढेच पुरे.

प्रौढ झाडाला वर्षाकाठी 500 ग्रॅम नत्र, 320 ग्रॅम स्फुरद आणि 1200 ग्रॅम पालाश ही कासरगोडची शिफारस आहे. पोत्यांच्या भाषेत ते सुमारे 1.1 किलो युरिया, 2 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 2 किलो म्युरेट ऑफ पोटॅश होते. त्यासोबत शेणखत आणि गरज असल्यास 500 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. हे सारे एकदम न देता जमिनीत ओल असताना जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर अशा दोन हप्त्यांत, आणि ठिबक असल्यास अधिक हप्त्यांत द्यावे. भर उन्हाळ्यात कोरड्या आळ्यात युरिया टाकणे टाळावे. नव्या पात्या एकमेकींना चिकटून नीट सुटत नसतील तर बोरॉनची कमतरता असू शकते आणि 50 ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) पुरतो. मात्र कोरड्या प्रदेशातील बोअरच्या पाण्यात बोरॉन आधीच जास्त असण्याचा संभव असतो, म्हणून पाणी तपासल्याशिवाय तो देऊ नये. माती आणि पाणी यांची तपासणी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे चौकशी करून घेता येते.

मीठ घालावे काय

नारळाला मीठ लागते ही समजूत निराधार नाही आणि म्हणूनच तिच्याविषयी नीट बोलले पाहिजे. पर्णरंध्र उघडण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्षकपेशींत पालाश शिरावा लागतो आणि विद्युतभाराचा तोल राखण्यासाठी सोबत ऋणभाराचा जोडीदार लागतो. पुष्कळ वनस्पती हा जोडीदार पेशीतच, मॅलेट या सेंद्रिय आम्लाच्या रूपाने, तयार करतात. नारळ मात्र त्यासाठी बहुतांशी क्लोराइडवर अवलंबून असतो. क्लोराइड कमी पडले तर रंध्रे वेळेवर उघडत-मिटत नाहीत आणि कोरड्या ऋतूत झाड लवकर सुकते. फिलिपिन्समध्ये समुद्रापासून दूरच्या बागांना मीठ हे खत म्हणून दिले जाते ते याच कारणाने.

तरीही आपल्या जमिनीत मीठ घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मिठाबरोबर सोडियम येतो आणि काळ्या चिकण जमिनीत सोडियम साठला की मातीचे कण विखुरतात, पाणी मुरेनासे होते आणि जमीन चोपण होते. लागणारे क्लोराइड म्युरेट ऑफ पोटॅशमधून पुरेसे मिळते. वर सांगितलेल्या 2 किलोंत जवळजवळ 950 ग्रॅम क्लोराइड असते. जे बागायतदार द्राक्षे किंवा डाळिंबासाठी सल्फेट ऑफ पोटॅश वापरतात आणि त्याच टाकीतून नारळालाही सोडतात, त्यांनी नारळासाठी म्युरेट वेगळे द्यावे. ज्यांच्या बोअरचे पाणी मुळातच खारट आहे त्यांना क्लोराइडची चिंता नाही. त्यांनी पाण्यातील सोडियमची चिंता करावी.

झाड एकटेच असेल तर

पाने 30 च्या वर आहेत, आळे ओले आहे, पाने हिरवी आहेत, तरीही बोंडे अगदी सुरुवातीलाच, सुपारीएवढी होण्याआधी गळतात, अशी तक्रार असल्यास परागीभवन तपासावे. उंच जातीत पोय उमलल्यावर आधी नरफुले उमलतात आणि दोन-अडीच आठवड्यांत संपतात. मादी फुले त्यानंतर पराग घेण्याजोगी होतात. शिवारात दुसरा नारळ नसेल आणि त्याच झाडाची पुढची पोय तोवर उमलली नसेल तर पराग मिळतच नाही. अशा ठिकाणी जवळपास दोन-तीन नारळ, त्यांतला एखादा ठेंगू जातीचा, असावेत. पोय उमललेली असताना शेजारच्या कपाशीवर किंवा भाजीपाल्यावर सकाळी कीटकनाशकाची फवारणी झाली तर मधमाश्या फिरकत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे.

किडींपैकी तीन प्रकार पान आणि बोंड यांच्याशी थेट निगडित आहेत. बोंडाच्या टोपीखाली फिकट त्रिकोणी डाग दिसून पुढे तो तपकिरी आणि खरबरीत होत असेल तर तो इरिओफाइड कोळी आहे. हा भारतात 1998 मध्ये केरळात प्रथम आढळला आणि कोरड्या हवेत त्याचा जोर वाढतो. कडुनिंबाचे तेल, लसूण आणि साबण यांचे दोन टक्के मिश्रण कोवळ्या घडांवर फवारावे आणि पालाशाची मात्रा चुकवू नये. नवी पाने कात्रीने तिरपी कापल्यासारखी उमलत असतील तर गेंडा भुंगा सुई पोखरतो आहे. त्याच्या अळ्या शेजारच्या उकिरड्यात वाढतात, तेव्हा उकिरडा झाडापासून हलवावा आणि शेंड्यालगतच्या पानांच्या बगलेत तीन-चार डांबरगोळ्या वाळूने झाकून ठेवाव्यात. पानांवर काजळीसारखा काळा थर चढला असेल तर वरच्या पानांच्या खालच्या बाजूस पांढरी माशी शोधावी. काजळी बुरशी पानाला खात नाही, पण उजेड अडवते. एक टक्का स्टार्चचे द्रावण फवारल्यास थर सुटून पडतो. या माशीवर जहाल कीटकनाशके फवारू नयेत, कारण तिला आवरणारी परोपजीवी गांधीलमाशी त्यांनी आधी मरते.

सुधारणा कधी दिसेल

या फेब्रुवारीपासून पाणी आणि आच्छादन यांची व्यवस्था केली तर येत्या एप्रिल-मेमधील बोंडगळ कमी झालेली दिसेल. ऑक्टोबर-डिसेंबरच्या पोयींतील मादी फुले त्याच वर्षअखेरीस वाढलेली आढळतील. पानांची संख्या 20 वरून 30 पर्यंत जायला मात्र दोन वर्षे तरी लागतात, कारण महिन्याला एकाहून अधिक पान फारसे येत नाही आणि जुनी पाने मधल्या काळात गळतच असतात. घडांची पूर्ण संख्या त्यानंतरच भरते. तिसऱ्या वर्षीही वार्षिक पानांचा आकडा 10 च्या खाली राहिला आणि खोड शेंड्याकडे पेन्सिलीसारखे निमुळते होत गेलेले असेल, तर त्या झाडावर आणखी खर्च करू नये.

त्याच्या जागी नवे रोप लावायचे असल्यास ठेंगू जातींचा मोह टाळावा. त्या लवकर फळतात हे खरे, परंतु पाण्याचा ताण त्यांना उंच जातींपेक्षा कमी सोसतो. बाणवली किंवा ताण सहन करण्यासाठी नावाजलेली लक्षद्वीप ऑर्डिनरी, म्हणजे चंद्रकल्पा, या उंच जाती आपल्या हवामानाला अधिक योग्य आहेत. रोप जून-जुलैमध्ये लावावे, पहिले दोन उन्हाळे त्याला पश्चिमेकडून सावली करावी आणि दोन रोपांत साडेसात मीटर अंतर ठेवावे. कडुनिंबाच्या किंवा दुमजली भिंतीच्या कायमच्या सावलीत ते लावू नये.